पिवळ्या दगडावरची खळी

शनिवार, १ ऑक्टोबर १९६०. पोर्ट सैद

पोचले एकदाची! इस्माइलियानंतर गाडी कालव्याला लागून धावते, तेव्हा वाळूतून जहाजंच चालत निघाल्यासारखी दिसतात. साठीला टेकलेली बाई मी, पण खिडकीला नाक लावून बसले होते. समोरच्या बाईंनी मला भोपळ्याच्या भाजलेल्या बिया दिल्या, शाळकरी मुलीला द्याव्यात तशा. मी सगळ्या खाल्ल्या.

मार्सेल स्टेशनवर आली होती. माझी धाकटी बहीण आता चौपन्नची झाली, तरी केस अजून कमरेपर्यंत आहेत. मला मिठी मारून म्हणाली, अगं ओदेत, तू आलीस की नुसता तुझा कोट आला? अलेक्झांड्रियात लोक जेवतात की नाही? घरी बुरी मासा कोंड्यात घोळवून भाजला होता, सोबत कांद्याचा तपकिरी भात. घराला लाकडी गॅलरी आहे. समुद्र दिसत नाही, पण जहाजांचे भोंगे जेवणाच्या टेबलापर्यंत येतात.

तिचा अंतून जाऊन सहा वर्षं झाली, माझा फुआद दोन हिवाळ्यांपूर्वी गेला. मुलंबाळं दोघींनाही नाहीत. आता वेगळं राहायचं नाही असं जेवताना ठरलं. जी आधी जाईल तिचे केस दुसरीनं विंचरायचे, परक्या बाईचा हात लागू द्यायचा नाही. हे ठरवताना दोघी इतक्या हसलो की मार्सेलला ठसका लागला.

खालच्या मजल्यावर उस्ता घत्तासचं न्हाव्याचं दुकान आहे. हल्ली सगळे पत्तीनं दाढी करतात, त्यामुळे जुने वस्तरे जिकडेतिकडे गंजत पडलेत. जहाजांवरचे हौशी लोक ते विकत घेतात, म्हणून घत्तास ते गोळा करतो. आपला बाबा अलेक्झांड्रियातला नावाजलेला शिकलगार होता आणि ओदेत त्याच्या मांडीवरच धार लावायला शिकली, असं मार्सेलनं त्याला सांगून ठेवलंय. सोमवारी काम बघायला जायचं आहे. दगडाला हात लागून किती वर्षं झाली! आज मला झोप येईलसं वाटत नाही.

सोमवार, ३ ऑक्टोबर

सोमवारी न्हावी दुकान उघडत नाहीत, म्हणून उस्ता घत्तासनं आजच बोलावलं. माझ्याच वयाचा माणूस. डोक्यावर एक केस नाही आणि मिशी मात्र दोन माणसांना पुरेल एवढी. मला खुर्ची देत म्हणाला, सित्त ओदेत, या दुकानात बायका फक्त नवऱ्याला शोधायला येतात, कामाला येणाऱ्या तुम्ही पहिल्याच. मी म्हटलं, माझा नवरा सापडणार नाही इथे, तुम्ही काम दाखवा.

त्यानं कपाटामागून एक पेटी काढली. आत निळ्या मखमलीवर सात वस्तरे होते, हस्तिदंती मुठींचे. प्रत्येकाच्या पाठीवर फ्रेंचमध्ये एकेका वाराचं नाव कोरलेलं, सोमवार ते रविवार. श्रीमंतांकडे असे संच असायचे. पोलादाला सहा दिवस विश्रांती मिळाली की धार टिकते म्हणतात. पातं इतकं सुबक की मी हातात घेऊन नुसती बघत राहिले.

पण सातही धारा मारलेल्या होत्या. गंज नव्हे, कुणाच्या अडाणीपणाची खूणही नव्हे. वस्तरा काचेवर सरळ उभा धरून पुन्हा पुन्हा ओढला की धारेच्या जागी सपाट पट्टी उरते, तसं केलेलं होतं. बाबा याला धार मारणं म्हणायचा. मेलेल्या माणसाची शेवटची दाढी केलेला वस्तरा तो असा मारून त्याच्याच शवपेटीत ठेवायला द्यायचा. हे कुणी केलं असं मी घत्तासला विचारलं. असेल कुणीतरी गाढव, असं म्हणून तो मिशीला पीळ देत बसला. पुढच्या सोमवारनंतरच्या सोमवारी एका जहाजाचा डॉक्टर येणार आहे, त्याला संच हवा आहे, पण सातही धारा जिवंत असल्या तरच.

पेटीच्या तळाशी वस्तऱ्यांच्या जुन्या मालकाचा, कुणा न्हाव्याचा, धार लावायचा दगडही होता. पिवळा, लोण्यासारखा मऊ दिसणारा, खाली काळी पाटी चिकटवलेली. वर्षानुवर्षांच्या घासण्यानं त्याच्या मधोमध एक खळी पडली होती. परका दगड हाती आला की आधी तो सपाट करायचा, हा बाबाचा पहिला नियम. दुसऱ्याच्या हाताची सवय दगडात राहते, म्हणायचा. मी वाळू आणि काच घेऊन बसलेही. पण त्या खळीत बोटं फिरवली तर ती गालावरच्या खळीसारखी वाटली. एका माणसाचं अख्खं आयुष्य पुसून टाकायचं? मला धीर झाला नाही. दगड आहे तसाच ठेवला.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

तीन दिवस खपून सोमवारच्या वस्तऱ्याला नवी धार बसवली. आधी खरखरीत दगडावर ती सपाट पट्टी जाईपर्यंत घासलं आणि मग पिवळ्या दगडावर आले. पाणी टाकून चोळलं की त्याला दूध सुटतं. त्या दुधावर पातं तरंगायला लागतं, आणि बाबाच्या एप्रनचा वास थेट नाकात येतो.

पण माझा हात खळीत बसेना. उजव्या हातानं ओढलं की पातं कडेला चढायचं. शेवटी वैतागून वस्तरा डाव्या हातात घेतला, आणि सुरकन गेला! खळी डावखुऱ्या माणसानं पाडलेली आहे.

हे लिहायला मजा वाटते, कारण मीही डावखुरीच जन्मले. शाळेत सिस्टर क्लेमांस माझा डावा हात निळ्या रिबिनीनं बाकाला बांधून ठेवायच्या. वाईट नव्हत्या त्या, संध्याकाळी मनगटाला ग्लिसरिन लावून द्यायच्या. दोन वर्षांत मी उजव्या हातानं सुरेख लिहू लागले आणि डाव्याला विसरले. आज पन्नास वर्षांनी त्याला कुणीतरी सुट्टी दिली. पाळण्यातून उचललेल्या मुलासारखा तो आनंदानं हलत होता. मला रडू आलं. घत्तासनं विचारलं, सित्त, साबण गेला का डोळ्यात? मी हो म्हटलं.

सोमवार, १० ऑक्टोबर

धारेची परीक्षा केसावर करतात. केस मुळाकडून चिमटीत धरायचा आणि नुसता धारेला टेकवायचा. बारीकसा ‘टिक’ आवाज होऊन तुकडा खाली पडला, तर धार लागली. धारेला पहिला केस आपलाच द्यायचा, परक्याचा नाही, हा बाबाचा दुसरा नियम. कारण विचारलं की म्हणायचा, धार ओळख विसरत नाही. पण फुआद गेल्यापासून माझे केस कोळ्याच्या जाळ्यासारखे झालेत, त्यांचा आवाजच येत नाही. आणि न्हाव्याच्या दुकानात का केसांना तोटा?

सोमवारच्या वस्तऱ्याला वदीह एफेंदींचा केस दिला. ते कस्टममध्ये कारकून आहेत, केस लाटांसारखे, आणि त्यांचा त्यांना फार अभिमान. म्हणाले, मादाम, तुमच्या वस्तऱ्याची पहिली दाढी माझी, वचन द्या. मी दिलं. मंगळवारच्याला ग्रीक स्ताव्रोसचा राठ केस, तो जहाजांना दोर आणि रंग विकतो. बुधवारच्याला शाफीचा. शाफी शेजारचा कॉफीवाला, तबक डोक्यावर घेऊन नाचत येतो. म्हणाला, सित्त, केस घ्या, पण उधारीवर नाही हं.

शनिवार, १५ ऑक्टोबर

झाले! सातही झाले!

गुरुवारच्याला एका स्वीडिश खलाशाचा पिवळा केस दिला. त्याचं जहाज त्याच संध्याकाळी सुवेझकडे गेलं. शुक्रवारच्या वस्तऱ्याच्या वेळी दुकानात कुणीच नव्हतं. घत्तास म्हणाला, माझ्या टकलावर आशा ठेवू नका, आणि मिशीतला एक केस उपटून दिला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, तरी हसत होता.

शेवटचे दोन वस्तरे आज गॅलरीत बसूनच पुरे केले. शनिवारच्याला गंमत म्हणून माझाच केस लावला आणि चक्क ‘टिक’ झालं. मार्सेल शेजारी केस विंचरत बसली होती. तिच्या फणीतला लांब केस घेऊन रविवारच्या धारेला टेकवला. तो तुटल्याचा आवाजही आला नाही, इतकी ती धार जिवंत. मार्सेल म्हणाली, बाबा असता तर तुला हातावर उचलून घेतलं असतं. मग आम्ही दोघी मोसंबीचं सरबत प्यायलो.

जेवताना मी चमचा डाव्या हातानं धरला होता. मार्सेलनं दाखवलं तेव्हा कळलं.

सोमवार, १७ ऑक्टोबर

वदीह एफेंदी मेले. कुणीतरी मारलं त्यांना.

दुकान आज बंद होतं, डॉक्टरचं जहाज आलं नव्हतं, म्हणून पेटी तिथेच होती. दुपारी दोन ते चार सगळं गाव झोपतं, आम्हीही झोपलो होतो. चारनंतर घत्तास पाणी भरायला खाली गेला तेव्हा ते खुर्चीत बसलेले. गळ्याभोवती पांढरा टॉवेल नीट खोचलेला, गालांवर साबणाचा फेस, अर्धी दाढी झालेली. गळा एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत उघडा होता. आरशावर छतापर्यंत रक्त उडालं होतं आणि टॉवेलातून ते अजून ठिबकत होतं. मी बघायला नको होतं. घत्तासची किंकाळी ऐकून धावले आणि पाहिलं. दुसरं तोंड उघडावं तसा तो गळा होता, आणि वदीह एफेंदींचे केस मात्र जागच्या जागी.

कुलूप तोडलेलं नाही. किल्ल्या दोनच, एक घत्तासकडे, एक माझ्याकडे. पोलिसांनी घत्तासला तासभर प्रश्न विचारले. मला खुर्ची दिली आणि पाणी दिलं.

मी झोपेतून उठले तेव्हा माझी डावी बाही ओली होती. उशाजवळचा तांब्या कलंडला असेल.

मंगळवार, १८ ऑक्टोबर

आज स्ताव्रोस. त्याच्याच दुकानात, दोरांच्या वेटोळ्यांत. तीच दुपारची वेळ. तो बैलासारखा माणूस, पण झटापटीची खूण नाही. अंगावर टॉवेल खोचलेला, गालांवर फेस. मान मणक्यापर्यंत कापलेली. दोरांनी रक्त पिऊन टाकलं होतं.

संध्याकाळी घत्तास वर आला. मार्सेलनं त्याला गोड चहा दिला. म्हणाला, दोन्ही काप उजव्या कानाखाली सुरू होतात. मागे उभ्या राहिलेल्या डावखुऱ्याचा काप आहे हा, आणि असा काप मी आधी पाहिलाय.

मग त्यानं सांगितलं. १९११ साली या गल्लीत स्पिरू नावाचा माल्टाचा न्हावी होता. डावखुरा, देवमाणूस वाटावा असा. बायकोचे केस रोज स्वतः विंचरायचा. एका आठवड्यात त्यानं सोमवारपासून रोज एक गिऱ्हाईक कापलं, त्या त्या वाराच्या वस्तऱ्यानं, आणि रविवारी बायकोला. फाशी जाताना म्हणाला, मी काही केलं नाही, हातानं केलं. मग गल्लीतल्या सात न्हाव्यांनी एकेक धार काचेवर मारली. घत्तास तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याला धंदा शिकवणाऱ्या उस्तानं रविवारचा वस्तरा मारायला त्याच्या हातात दिला होता. पुढे पेटी स्पिरूच्या घरमालकिणीकडेच पडून राहिली, आणि या उन्हाळ्यात तिच्या नातवानं ती घत्तासला विकली.

मी विचारलं, मग मला का दिलीत? तो मान खाली घालून म्हणाला, सित्त, पन्नास वर्षं झाली, लोखंडाला काय आठवणार असं वाटलं.

तो गेल्यावर मी या वहीची मागची पानं उलटली. सोमवार वदीह. मंगळवार स्ताव्रोस. ज्याचा केस, त्याचा वार.

बुधवार शाफी. गुरुवारचा खलाशी समुद्रावर आहे. शुक्रवार घत्तास. शनिवार मी.

रविवार मार्सेल.

बुधवार, १९ ऑक्टोबर

सकाळीच शाफीला जाऊन सांगितलं की आज दुपारी झोपू नकोस, माणसांत राहा. तो हसला. म्हणाला, सित्त, कॉफीवाला झोपला तर गाव झोपेल. दुपारी मी खुर्चीत ताठ बसून राहिले, जपमाळ हातात. झोपायचं नाही म्हणून. दहा मण्यांची तिसरी फेरी संपली एवढं आठवतं.

मग बाहेरचा आरडाओरडा आठवतो. जपमाळ उजव्या हातात होती. डावा हात मनगटापर्यंत धुतलेला, साबणाचा वास येणारा.

शाफी कोळशाच्या शेगडीवर पडलेला सापडला. गाल कानापासून ओठापर्यंत फाटून दात दिसत होते, गळा चिरलेला, पण पुरता नाही. जिवंत आहे. इस्पितळात नेलं.

गुरुवार, २० ऑक्टोबर

इस्पितळात गेले होते. शाफीचं डोकं पट्ट्यांत गुंडाळलेलं, एक डोळा उघडा. त्यानं मला पाहिलं. गळ्यातून आवाज येत नव्हता, पण तो ओरडत होता. पट्ट्या लाल होत गेल्या. त्यानं डावा हात उचलून माझ्याकडे केला, मूठ वळून, वस्तरा धरावा तशी. नर्सला वाटलं वेदनेनं करतोय. संध्याकाळी गेला.

मी आहे. मीच आहे.

ठाण्यात जाऊन सांगितलं. अधिकारी तरुण होता, त्यानं उठून दार लावलं आणि माझ्यासाठी बडीशेपेचा काढा मागवला. म्हणाला, माझी आई तुमच्याच वयाची आहे, तिच्यानं कोंबडीसुद्धा कापवत नाही. तुम्ही घाबरला आहात, घरी जा. माझे हात त्याच्यापुढे टेबलावर होते. उजवा थरथरत होता. डावा नाही.

दगड सपाट करायला बसले. तासभर वाळूवर घासला. खळी तसूभरही कमी होईना. माझा हातच खळीच्या वळणानं फिरतो.

मग मार्सेलची रिबीन घेतली आणि दुपारी डावा हात पलंगाच्या दांड्याला बांधून घेतला, सिस्टर क्लेमांस बांधायच्या तशी गाठ मारून. उठले तेव्हा रिबीन कापलेली होती. टोकं इतकी स्वच्छ, एक धागासुद्धा सुटलेला नाही. गुरुवारचा वस्तरा संध्याकाळी लोकांना धक्क्यावर मिळाला. जहाजं बांधायच्या लाकडी खुंटात मुठीपर्यंत रुतलेला, सुवेझच्या दिशेला.

घत्तासला सगळं सांगितलं. उद्या पहाटे दामिएत्ताला भावाकडे जा म्हटलं. ऐकून त्यानं माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

शुक्रवार, २१ ऑक्टोबर

गेला नाही. आजारी बायकोला सोडून कसा जाणार होता — दुकानाला आतून कडी घालून बसला. मला दिलेली किल्ली मागून घेतली, तेही बरं केलं —

पण कडी त्यानं स्वतः उघडली. दारावर थाप मारून मी काय म्हटलं असेल? सित्त ओदेत आहे, हातानं सोडलं मला, असं काही? माझ्या तोंडून काय बोललं गेलं ते मला ठाऊक नाही —

मिशी साबणानं पांढरी. मिशीखाली काही नाही. हनुवटीपासून छातीपर्यंत नुसतं उघडं. पायांशी रक्ताचं तळं, आणि त्यात माझ्या बुटांचे ठसे. पोलिसांनी ते पाहिले आणि म्हणाले, बिचारी म्हातारी, मदतीला धावली.

पेटी घेऊन थेट बंदराच्या बांधावर गेले. वस्तरे एकेक करून समुद्रात टाकले. दगडही टाकला. मोजले नाहीत. घरी येऊन कोट काढला तर डाव्या बाहीतून दोन वस्तरे गादीवर पडले.

शनिवार. रविवार.

शनिवार, २२ ऑक्टोबर

सकाळच्या गाडीनं मार्सेलला अलेक्झांड्रियाला धाडलं. फुआदच्या थडग्यावर दिवा लावून ये, माझ्याच्यानं होत नाही, असं खोटं सांगितलं. तिनं खिडकीतून हात हलवला. केस मोकळे सोडले होते.

आज माझा वार. धारेनं माझा केस घेतला आहे. मी झोपणार, आणि हात मला घेईल. मी गेले की उद्या वस्तऱ्याला हात उरणार नाही. हे पाप नाही ना — मी काही करणार नाहीये. मी फक्त आडवी होणार आहे. गळ्याची बटणं काढून ठेवली. टॉवेल मीच खोचला. देवा, मार्सेलला —

संध्याकाळ.

जिवंत आहे.

हातानं गळा घेतला नाही. उजवं मनगट घेतलं. आतून, आडवं, हाडापर्यंत. सगळ्या शिरा तुटल्या, बोटं हलत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात रक्त पाहून डॉक्टर आणला. डॉक्टर म्हणाला, हा हात गेला.

हे डाव्या हातानं लिहिते आहे. कधी शिकले नाही, तरी अक्षर बघा. गोल, सुरेख. माझं नाही.

गळा घेतला असता तर उद्यासाठी कोण उरलं असतं? त्याला उद्या हवा आहे.

रविवार, २३ ऑक्टोबर

वरच्या बाईंनी मार्सेलला तार केली. बहीण जखमी, लगेच या. कुणी सांगितलं होतं तुम्हाला — कुणी —

दुपारच्या गाडीनं येते आहे.

दाराला अडसर घालायला हात तयार नाही. खिडकीतून वस्तरा फेकायला तयार नाही. वस्तरा गाऊनच्या खिशात आहे. पण एक कळलं. हातात पेन असेल तर हात दुसरं काही धरत नाही. लिहायला त्याला आवडतं. पन्नास वर्षं लिहू दिलं नव्हतं ना त्याला. म्हणून लिहिते आहे. रविवार संपेपर्यंत लिहीत राहायचं. शाई पुरेल. पानं पुरतील. काहीही लिहायचं —

बाबाचे नियम. परका दगड आधी सपाट करावा. धारेला केस आपला द्यावा. पातं दगडावर दाबू नये, दगडाला काम करू द्यावं. परका दगड आधी सपाट करावा —

सिस्टर क्लेमांसची शुद्धलेखनाची ओळ. चांगली मुलगी उजव्या हातानं लिहिते. चांगली मुलगी उजव्या हातानं लिहिते. चांगली मुलगी —

हाक आली. रस्त्यावरून. ओदेत, मी आले गं!

मार्सेल वर येऊ नकोस — ओरडले. तिला वाटलं ताप चढलाय. जिन्यात चप्पल वाजते आहे. किल्ली तिच्याकडे आहे.

लिहीत राहा. चांगली मुलगी — बुरी मासा, तपकिरी भात, जी आधी जाईल तिचे केस — लिहीत राहा —

आत आली. रडते आहे. माझ्या पट्टीला हात लावते आहे. मी सांगते आहे, तू जा, मला लिहू दे, हा हात रिकामा करू नकोस. ती म्हणते, वेडाबाई, काय झालंय तुझं, हाताला थोडी विश्रांती दे, डॉक्टर म्हणाले ना. म्हणते, आण ते पेन इकडे, मग मी तुझ्याजवळ बसते, माझे केस विंचर, तुला बरं वाटेल —

केस मोकळे आहेत. पाठ माझ्याकडे करून बसली — नाही, पुन्हा वळली — हात पुढे केला —

मार्सेल नको. पेन घेऊ नकोस. पेन राहू दे माझ्या हातात, मार्सेल, पे